डॉक्टरांनी लेकीसाठी निवडलेली पुस्तकं

डॉक्टर गेले तेव्हा मी शाळेत होते. दहावीच्या सराव परीक्षेचा पहिला पेपर मराठीचा, म्हणजे माझाच. पहाटेपासून त्यांचा श्वास नेहमीसारखा वाटत नव्हता, म्हणून मी रजेचा फोन करायला उठले, तर त्यांनी हातानेच नको म्हटलं. “तू जा. पहिल्या पेपराला पोरं घाबरलेली असतात. आपल्या बाई दिसल्या म्हणजे बरं वाटतं त्यांना.” धाकटे दीर वालूरहून येऊन राहिलेच होते, त्यामुळे मी गेले. दारातून मागे वळून पाहिलं तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते... तीच शेवटची भेट. पेपर सुरू होऊन बराच वेळ झाल्यावर शाळेचे शिपाई वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले आणि काही बोललेच नाहीत. एरवी ‘बाई, फोन आहे’ एवढं तरी म्हणाले असते. पुढच्या बाकावरच्या मुलीने पुरवणी मागितली होती. तिला पुरवणी दिली, बांधायला दोरा दिला, आणि मग बाहेर आले. आत सगळी पोरं माना खाली घालून लिहीत होती.

त्यांचं नाव सुधाकर. पण मानवतमध्ये त्यांना नावाने कुणी ओळखत नसे, नुसतं ‘डॉक्टर’ म्हणत, आणि लग्नानंतर थोड्याच दिवसांत मीही तेच म्हणायला लागले. वालूरच्या शेतकरी घरातला हा मुलगा अंबाजोगाईला एमबीबीएस झाला. पुढे शिकायचं सोडून मानवतला आला आणि घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना थाटून बसला तो कायमचा. बोलणं कमी. पेशंटला तपासताना त्याच्या दुखण्याबद्दल ते फार विचारायचे नाहीत. कापसाची वेचणी कुठवर आली, धाकटीचं बाळंतपण कुठं झालं, असलंच काहीतरी विचारत राहायचे आणि हात तेवढ्यात पोट चाचपून मोकळे व्हायचे. पेशंट गेल्यावर मला म्हणायचे, “माणूस दुसरं काही बोलत असला की पोट सैल सोडतो.” मला त्यांच्या शास्त्रातलं तेवढंच कळायचं.

आम्हाला एकच मुलगी, ऋतुजा. बारावीनंतर तिने एक वर्ष लातूरला राहून पुन्हा नीटची परीक्षा दिली. निकाल चांगला लागला, घरात पेढे आले, आणि त्याच उन्हाळ्याच्या शेवटी डॉक्टरांची पाठ दुखायला लागली. ते खुर्चीला दोष देत राहिले. खुर्ची बदलली, तरी दुखणं राहिलं. जेवण कमी झालं, पँटी सैल झाल्या. एके दिवशी सकाळी अंगणात उभे राहून ते कुणाशी तरी बोलत होते, ऊन थेट तोंडावर होतं, आणि मला त्यांचे डोळे हळदीसारखे दिसले. मी सांगितल्यावर त्यांनी आत जाऊन आरशात पापणी खाली ओढून पाहिली आणि “हं” एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी आम्ही परभणीला गेलो. आधी सोनोग्राफी, मग सीटी स्कॅन. येताना गाडीत त्यांनी ती काळी फिल्म खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. मग खाली ठेवत म्हणाले, “आता ऋतुजाचं सगळं लवकर उरकावं लागेल.”

मला वाटलं, तिच्या लग्नाबद्दल बोलतायत. अठरा-एकोणीस वर्षांची पोर, आणि हे काय मनात आणतायत म्हणून मी घाबरून त्यांच्याकडे पाहिलं. तर ते म्हणाले, “पुस्तकं गं. अ‍ॅनाटॉमीची पुस्तकं निवडायला वेळ लागतो.”

स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. हे त्यांनी मला सांगितलं, दीरांना सांगितलं, ऋतुजालाही सांगितलं. लपवलं कुणापासून नाही. पण तो किती पुढे गेलाय हे मात्र कुणाला स्पष्ट बोलून दाखवलं नाही. ऋतुजाला नांदेडच्या मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला, त्या दिवशी तिने जेवताना ताट बाजूला सारलं. “पप्पा, मी यंदा जात न्हाई. पुढच्या वर्षी बघू.”

“पुढच्या वर्षी काय बघायचं?”

“तुम्हाला बरं वाटू द्या. आई शाळेत, तुम्ही एकटे घरी...”

“मी एकटा कुठंय? बाकड्यावर सकाळपासून माणसं बसलेली असतात.” त्यांनी तिचं ताट पुन्हा तिच्यापुढे ओढलं. “तू न्हाई गेलीस तर मी रोज सकाळी उठून तुझं तोंड बघणार आणि तू माझं. त्यानं कुणाचीच तब्येत सुधरत न्हाई. जेव.”

ती जायला तयार झाली, पण एका अटीवर. नवी पुस्तकं घ्यायची नाहीत. तिला त्यांचीच जुनी पुस्तकं हवी होती. दवाखान्यातल्या कपाटात वरच्या फळीवर ती अजून होती... तीन भागांचं अ‍ॅनाटॉमी, पाठीला खाकी कागद डकवलेला, पानं चहाच्या रंगाची. ती का मागतेय हे मला कळत होतं, त्यांनाही कळत असणार. वरच्या वर्गातल्या मुलांनी मोबाइलवर पुस्तकांच्या याद्या पाठवल्या होत्या, कुणी पुस्तकंच्या पुस्तकं फुकट पाठवत होतं, पण तिने त्यातलं काही उघडूनही पाहिलं नाही. “मला हीच द्या,” एवढंच धरून बसली. डॉक्टर चिडले. त्या आजारात ते चिडलेले मी पाहिले ते तेवढं एकदाच.

“त्या पुस्तकांतल्या रेघा माझ्यासुद्धा न्हाईत,” ते म्हणाले. त्यांनाही ती वरच्या वर्गातल्या कुणाकडून मिळालेली होती. पानोपानी लाल पेनाने ओळी अधोरेखित केलेल्या, आणि पहिलं वर्षभर त्यांनी तेवढ्याच ओळी वाचल्या. ज्याच्यावर रेघ नाही ते महत्त्वाचं नसणार, असं धरून चालले. “दुसऱ्यानं जे बघितलं तेवढंच मला दिसायचं. ते सुटायला मला लई वर्षं लागली. तुझं पान कोरं पाहिजे.”

“मला तुमच्या रेघा पाहिजेत,” ऋतुजा म्हणाली आणि उठून आत गेली.

केमोथेरपीसाठी आम्ही संभाजीनगरला जायचो. दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला सलाईन संपल्यावर, हाताच्या मागे चिकटपट्टी तशीच ठेवून, ते म्हणाले की आज पुस्तकांच्या दुकानात जायचं. मी विरोध केला. त्यांना उभं राहवत नव्हतं. पण ऋतुजाही बरोबर होती आणि त्यांनी तिला मुद्दाम त्यासाठीच आणलेलं होतं. मेडिकलच्या पुस्तकांचं ते दुकान अरुंद, छतापर्यंत भरलेलं. दुकानातल्या माणसाने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, काही न विचारता आपलं स्टूल पुढे केलं आणि पाणी आणून दिलं. पहिल्या वर्षाचं म्हटल्यावर त्याने प्रश्नोत्तरांचं एक पातळ पुस्तक काढलं. “सगळे हेच नेतात साहेब. परीक्षेला पुरतं.”

“परीक्षेनंतर?” डॉक्टरांनी विचारलं. तो माणूस हसला आणि ते परत जागेवर ठेवलं.

मग तासभर त्या बापलेकीचं जे चाललं होतं ते मी पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकून पाहत राहिले. डॉक्टर प्रत्येक पुस्तकात एकच विषय काढायचे, काखेचा. काखेतून जाणाऱ्या शिरा, धमन्या आणि नसा. तो उतारा ते तिला वाचायला लावायचे आणि पुस्तक मिटून विचारायचे, “काय कळलं?” एका परदेशी जाडजूड ग्रंथातला उतारा वाचून ती गप्पच राहिली. तो बाजूला गेला. आपल्याकडच्या तीन भागांच्या पुस्तकातलं वाचून तिला निम्मं सांगता आलं. तेव्हा म्हणाले, “हे घे. हे रोजचं. तो मोठा ग्रंथ कॉलेजच्या लायब्ररीत असतो, अडलं की तिथं जाऊन बघायचं.” तिला आता राग धरून ठेवता येत नव्हता. ती प्रश्न विचारायला लागली होती.

अ‍ॅटलसवरून, म्हणजे देहाच्या नकाशांच्या पुस्तकावरून, मात्र पुन्हा अडलं. दुकानदाराने दोन पुढे ठेवले. एकात हाताने काढलेली रंगीत चित्रं, दुसऱ्यात खऱ्या देहांचे फोटो. ऋतुजाने फोटोंचा उचलला. “खरं तर असंच असतं ना, पप्पा?”

“असंच असतं. आणि ते तुला कॉलेजच्या चिरफाडीच्या हॉलमध्ये रोज दिसणारच हाय. पण खऱ्या देहात सगळं एका रंगाचं असतं, एकमेकाला चिकटलेलं. काय कुठं संपलं ते कळत न्हाई. चित्र काढणाऱ्यानं आधी समजून घेतलेलं असतं, मग एकेक बाजूला सारून दाखवलेलं असतं. घरी बसून समजायला चित्रच लागतं.” एवढं बोलून त्यांना दम लागला. त्यांनी डोळे मिटले. तेवढ्यात ऋतुजाने चित्रांचा अ‍ॅटलस उघडला आणि मी पाहिलं, ती थेट पोटाच्या पानांकडे गेली. डोळे मिटलेलेच होते, पण पानं उलटण्याच्या आवाजावरून असेल कदाचित, डॉक्टर म्हणाले, “आधी हात. पोट यायला वेळ हाय.”

आम्ही चित्रांचा अ‍ॅटलस घेतला. गाडीत तो तिच्या मांडीवर होता आणि तिने जालन्यापर्यंत तो उघडला नाही. जालन्यानंतर डॉक्टरांना झोप लागली, तेव्हा उघडला.

ती नांदेडला जायच्या आधीच्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर ते मधल्या खोलीत पलंगावर उशीला टेकून बसले होते. मी खाली बसून मेथी निवडत होते. ऋतुजा अ‍ॅटलस घेऊन आली, त्यांच्या पायांशी बसली आणि पोटाचं पान काढून त्यांच्यापुढे धरलं. “पप्पा, नेमकं कुठंय ते दाखवा.”

मला वाटलं, ते विषय बदलतील. ते पुढे वाकले. “हे जठर बघ, चित्र काढणाऱ्यानं वर उचलून सारलंय. त्याशिवाय मागचं दिसत न्हाई. हे लहान आतडं इथं असं वळतं. त्या वळणाच्या कुशीत हे स्वादुपिंडाचं डोकं. गाठ इथं.” त्यांचं बोट पानावर टेकलं. “पित्ताची नळी इथूनच जाते. ती दाबली म्हणून डोळे पिवळे झाले. आता नळीत जाळी बसवलीय, म्हणून पिवळेपण गेलं.”

“आणि पाठ?”

“मागं नसांचं जाळं हाय. तिथपर्यंत पोचलं.”

“मग ऑपरेशन करून काढत काहून न्हाईत?” घरात असं कुणी विचारलेलं नव्हतं. मीही नाही. माझ्या हातातली काडी हातातच राहिली.

“त्याच्या मागं काय दिसतं? नाव वाच.”

तिने बोट फिरवत एका लाल धमनीचं लांबलचक इंग्रजी नाव वाचलं. “हिच्यातून सगळ्या आतड्यांना रक्त जातं,” डॉक्टर म्हणाले. “गाठ तिला चहूबाजूंनी वेढून बसलीय.” मग थांबले. पेशंटला सांगताना थांबायचे तसेच. “तू सांग आता. काढता येईल?”

ऋतुजाने त्या धमनीवरून पुन्हा वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. रस्त्यावरून भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली. मग ती म्हणाली, “न्हाई.”

“बरोबर,” ते म्हणाले.

“दुखायलंय का आत्ता?”

आम्ही सगळे त्यांना दिवसातून कितीदा हेच विचारायचो आणि ते ‘ठीक आहे’ म्हणायचे. त्या दिवशी तिला म्हणाले, “दुखायलंय.” आणि मग लगेच, “आता पान उलट. हाताचं काढ. तुमचं तिथून सुरू होणार.” त्यांनी सदऱ्याची बाही वर केली आणि आपला हात तिच्या मांडीवर ठेवला. मी त्यांच्याबरोबर बावीस वर्षं संसार केला, पण तो हात मला ओळखू आला नसता. मांस राहिलंच नव्हतं. मूठ वळली की कातडीखाली एकेक दोरी सरकताना दिसत होती. “बघ. सगळं स्वच्छ दिसायलंय. धडधाकट माणसाच्या हातावर इतकं दिसत न्हाई. एकेकाचं नाव सांग.” ती अ‍ॅटलसमध्ये बघायची, मग हातावर बोट ठेवून नाव सांगायची, रडत रडत सांगायची. चुकली की ते “पुन्हा” म्हणायचे. मी मेथी उचलून स्वयंपाकघरात गेले. तिथूनही ऐकू येत होतं... तिचं एक नाव, त्यांचं ‘हं’. पुन्हा एक नाव, पुन्हा ‘हं’.

नांदेडला तिला पोचवायला दीर गेले. पहिल्यांदा देह बघितल्याच्या दिवशी तिने फोन केला. “पप्पा, मला चक्कर आली न्हाई.” त्यांनी विचारलं, “जेवलीस का?” ती नाही म्हणाली. “पहिल्या दिवशी कुणालाच जेवण जात न्हाई. पण जेव.” रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा आणि ती दिवसभरात शिकलेलं म्हणून दाखवायची. दिवाळीपर्यंत ते दवाखान्यात थोडं थोडं बसत होते. मग ताप यायला लागला, पित्ताच्या नळीतली जाळी बुजली, पुन्हा बसवली. त्यानंतर केमो नको असं त्यांनीच सांगितलं. एकदा मला म्हणाले की देहदान करावं असं मनात होतं. मी काही बोलायच्या आत त्यांनीच मान हलवली. “राहू दे. जवळचं कॉलेज म्हणजे नांदेड. पोरगी त्याच हॉलमध्ये उभी असणार.” पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. शेवटी शेवटी फोन माझ्या हातात असायचा आणि स्पीकर त्यांच्या कानाशी. ती छातीतल्या रक्तवाहिन्यांचं काही म्हणत असायची, आणि ते ऐकतायत की झोपलेत हे मला सांगता यायचं नाही. तरी मी तिला म्हणायचे, ऐकायलेत. तिलाही ते कळत असावं. ती म्हणत राहायची.

डॉक्टर गेले त्या दिवशी दीरांनी तिच्या खोलीतल्या मैत्रिणीला फोन केला आणि दोघी मिळेल त्या गाडीने परभणीपर्यंत आल्या, तिथून कुणीतरी घरी आणून सोडलं. अंगणात माणसं मावत नव्हती. बायका तिला म्हणत होत्या, रड गं, मोकळी हो. ती रडली नाही. डॉक्टरांजवळ बसली, आणि त्यांची वर सरकलेली बाही मनगटापर्यंत खाली ओढून नीट केली.

तेराव्यानंतर ती परत गेली. मीच पाठवली. काही दिवसांनी भर दुपारी तिचा फोन आला, एरवी कधी येत नाही. “आई, आज पोट सुरू झालं.” मग ती म्हणाली, “मॅडमनी जठर उचलून बाजूला केलं आणि विचारलं, मागं काय दिसतंय, कोण सांगेल? मला येत होतं, आई. सगळं येत होतं.” मागून हॉस्टेलच्या जिन्यातला गलका येत होता. “मी सांगितलं न्हाई.”

जुनी पुस्तकं दवाखान्यातल्या कपाटात तशीच आहेत. तिने पुन्हा मागितली नाहीत आणि मीही ‘घेऊन जा’ म्हटलं नाही. दवाखाना मी रोज सकाळी उघडते. का उघडते, असं दीरांनी एकदा विचारलंही. झाडून घेते, खिडकी उघडते, शाळेची वेळ झाली की कुलूप लावते. माणसं अजून येतात. काहींना माहीत नसतं, काही माहीत असूनही येतात. मागच्या रविवारी ऋतुजा घरी होती आणि मी फरशी पुसत होते, तेव्हा जवळच्या खेड्यातल्या एक म्हाताऱ्या बाई पायऱ्या चढून आल्या, त्या कितीतरी वर्षं डॉक्टरांकडून बीपीच्या गोळ्या नेत होत्या. मी त्यांना जपून सांगायला लागले, तर म्हणाल्या, “ठावं हाय मला, बाई. तालुक्याला आले व्हते. जरा बसते नि जाते.” त्या बाकड्यावर बसल्या. ऋतुजा आतून पाणी घेऊन आली. तिच्याकडे निरखून बघत बाईंनी विचारलं, “तूच का ती, डाक्टरकी शिकायलीस ती? बघ मग माझा बीपी.”

“मावशी, मला अजून काही येत न्हाई. पहिलंच वर्ष हाय.”

“मशीन तर हाय ना इथंच. बघ तरी.”

ऋतुजाने माझ्याकडे पाहिलं. मग टेबलाच्या खणातून पट्टा काढला, त्यांच्या दंडाला गुंडाळला, डॉक्टरांची तपासायची नळी कानाला लावली. फुगा दाबत राहिली. हवा सोडली. काटा पार खाली आला. मी फडकं हातात धरून उभी होते. अखेर तिने कानातून नळी काढली. “मला नीट ऐकू आलं न्हाई, मावशी. पुन्हा बघू का?”

बाईंनी हात मागे घेतला नव्हताच. “बघ माय,” त्या म्हणाल्या, “मला कुठं जायचंय.”